घरच्या घरी शरीरातली चरबी मोजायची तर: टेप, कॅलिपर की वजनकाटा?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं तेव्हा माझं वजन ६२ किलो होतं आणि उंची १५८ सेंटिमीटर. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २४.८, म्हणजे नेहमीच्या तक्त्याप्रमाणे २५ च्या आत. काट्याच्या हिशेबाने मी ठीक होते. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कमरेचा घेर किती? चरबीचं प्रमाण कधी मोजलंय का?’’ मला दोन्हीपैकी काहीच सांगता आलं नाही.

त्यानंतरच्या वर्षभरात घरी करता येण्यासारख्या तिन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या. मापं घ्यायला नवरा मदतीला होता आणि त्याची मापं मी घेत होते, त्यामुळे बाईचं आणि पुरुषाचं अशी दोन्ही गणितं हाताखालून गेली. सुरुवातीचे दोन महिने मात्र मी उगाच हैराण झाले. रोज वेगळा आकडा, रोज वेगळी काळजी. तुम्हाला त्यातून जावं लागू नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेकांनी शिंप्याच्या टेपपासून सुरुवात करावी. कॅलिपर, म्हणजे त्वचेची घडी मोजणारा चिमटा, मापं घेणारा पक्का जोडीदार असेल तरच घ्यावा. चरबी दाखवणारा वजनकाटा घरात असेल तर वापरा, पण फक्त चरबी मोजायला म्हणून नवा विकत घेऊ नका.

१. घरी चरबी मोजली जात नाही, तिचा अंदाज बांधला जातो

हे एकदा नीट समजलं की पुढची निम्मी काळजी जाते. जिवंत माणसाच्या शरीरातून चरबी वेगळी काढून तोलता येत नाही. म्हणून दुसरं काहीतरी मोजायचं आणि त्यावरून चरबी किती असेल ते काढायचं, हाच सगळ्या पद्धतींचा मार्ग आहे.

जुना आधार आहे घनतेचा. चरबीची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम धरतात आणि शरीरातल्या बाकी सगळ्याची मिळून १.१ ग्रॅम. माणसाला पाण्याखाली तोललं की त्याच्या शरीराची सरासरी घनता कळते आणि तिच्यावरून चरबीचा वाटा काढता येतो. विल्यम सिरी यांनी हे गणित एका ओळीत मांडलं: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. हे दोन आकडे पुढे सारखे भेटतील. ते आले कुठून हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. ते त्या ०.९ आणि १.१ मधूनच निघतात.

घरी पाण्याखाली तोलणं शक्य नाही. म्हणून संशोधकांनी शेकडो माणसांना तसं तोललं, त्यांचे घेर आणि त्वचेच्या घड्याही मोजल्या आणि दोन्हींचा मेळ घालणारी सूत्रं बनवली. आपण वापरतो ती बहुतेक सूत्रं अशीच बनलेली आहेत. ती सरासरी माणसावर बसवलेली असतात. तुमची मान सरासरीपेक्षा जाड असेल किंवा चरबी पोटाऐवजी मांड्यांवर जास्त असेल, तर सूत्र तेवढं चुकतं. ही चूक सहज ३ ते ४ टक्क्यांची असू शकते. म्हणजे टेपने ३० आलं तर खरा आकडा २७ असेल किंवा ३३ असेल.

मग एवढा खटाटोप का करायचा? वजन याहून कमी सांगतं म्हणून. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचाच दाखला छापला होता: पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगात किती चरबी असू शकते, हे मला त्या दोन आकड्यांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने कळलं नाही.

२. आकडा कशासाठी हवा आहे ते ठरवा

‘मला धोका आहे का’ एवढंच कळायला हवं असेल, तर चरबीची टक्केवारी काढायचीही गरज नाही. कमरेचा घेर आणि उंची पुरते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ब्रिटनमध्ये आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२२ मध्ये प्रौढांसाठी हाच सल्ला दिला. माझ्या उंचीचं निम्मं ७९ आणि माझी कंबर तेव्हा ८० होती. पहिल्याच मिनिटाला मला हवं ते उत्तर मिळालं होतं, पण ते तेव्हा मला वाचता आलं नाही.

‘व्यायाम आणि खाण्यातला बदल लागू पडतोय का’ हे पाहायचं असेल, तर टक्केवारी उपयोगी पडते. कारण वजन तेवढंच राहून चरबी कमी आणि स्नायू जास्त असं होऊ शकतं.

आणि ‘अगदी अचूक आकडा हवा’ असं असेल, तर घरच्या पद्धती सोडा. डेक्सा स्कॅनसारखी (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणारी) तपासणी करून घ्या. तिच्यातही थोडं कमीजास्त होतंच, पण घरच्या कुठल्याही साधनापेक्षा ती बरी.

३. काय काय लागेल

- शिंप्याची मऊ टेप, सेंटिमीटरच्या खुणा असलेली. पट्टी ताणल्यावर लांबणारी नको.
- टेप तपासायला एक स्टीलची पट्टी.
- उंचीचं बरोबर माप. ओळखपत्रावरचं जुनं माप धरू नका. अनवाणी, भिंतीला टेकून नव्याने घ्या.
- आरसा, शक्यतो अंगभर दिसेल असा.
- वही आणि पेन.
- फोनमधला कॅल्क्युलेटर. तो आडवा धरला की बहुतेक फोनांत लॉगचं बटण दिसू लागतं.
- कॅलिपर किंवा काटा असेल तर तो, पण त्यावाचून अडत नाही.

टेप तपासायचं विसरू नका. आमच्या शिवणाच्या डब्यातली टेप वापरून वापरून ताणली गेली होती. स्टीलच्या पट्टीला लावून पाहिलं तर ३० सेंटिमीटरला जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला. म्हणजे कमरेला एक सेंटिमीटरहून जास्त चूक, तीही मी कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी.

४. टेपने मोजणं

वेळ ठरवून घ्या. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. पोट दिवसभरात बदलतं. माझी कंबर सकाळी आणि रात्री जेवणानंतर यांत कधी कधी तीन सेंटिमीटरचा फरक असायचा.

कपड्यांवरून मोजू नका. सरळ उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार. हात सैल सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि तो सोडून झाल्यावर माप वाचा. पोट आत ओढायचं नाही आणि मुद्दाम फुगवायचंही नाही. इथे प्रत्येकाचं मन थोडं गडबड करतं. आकडा बघताना पोट नकळत आत जातं. त्यावर उपाय म्हणजे माप दुसऱ्याने वाचावं किंवा आपण टेप धरून आधी बोटाने खूण पकडावी आणि मग टेप काढून आकडा बघावा.

टेप त्वचेला नुसती टेकली पाहिजे. कातडीत रुतता कामा नये आणि मधे पोकळीही राहता कामा नये. ती सगळीकडून आडवी हवी. पाठीमागे टेप खाली घसरते आणि आपल्याला ते कळत नाही. आरसा लागतो तो याचसाठी.

आता जागा.

मान: कंठमण्याच्या लगेच खाली. टेप पुढच्या बाजूला किंचित उतरती असली तर चालेल. नजर समोर, खांदे सैल.

कंबर: इथे स्त्री-पुरुषांत फरक आहे आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पुढच्या सूत्रासाठी पुरुषांनी बेंबीच्या पातळीवर मोजायचं. स्त्रियांनी जिथे कंबर सगळ्यात अरुंद आहे तिथे, म्हणजे साधारण बेंबी आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक यांच्या मध्यावर. अरुंद जागा सापडत नसेल तर तो मध्य मोजून घ्या आणि दर वेळी तीच जागा धरा. ती जागा बेंबीपासून किती सेंटिमीटर वर आहे, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

नितंब: फक्त स्त्रियांसाठी. पाय जुळवून, बाजूने आरशात बघून, सगळ्यात फुगीर भागावर.

प्रत्येक माप तीनदा घ्या. एकाच जागी तीन वेळा नाही, तर मान, कंबर, नितंब अशी पूर्ण फेरी तीनदा. लागोपाठ तेच माप घेतलं की मागचा आकडा डोक्यात असतो आणि हात तिकडेच जातो. तिन्हींतला मधला आकडा धरा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर थोडं थांबून पुन्हा सगळं.

५. आकडेमोड

अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये बनवलेलं सूत्र सगळ्यात जास्त वापरलं जातं. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची.

पुरुष:
चरबी टक्के = ४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(कंबर − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)] − ४५०

स्त्रिया:
चरबी टक्के = ४९५ ÷ [१.२९५७९ − ०.३५००४ × लॉग(कंबर + नितंब − मान) + ०.२२१ × लॉग(उंची)] − ४५०

माझ्या पहिल्या दिवसाचे आकडे: उंची १५८, मान ३३, कंबर ८०, नितंब ९८. कंबर अधिक नितंब वजा मान म्हणजे १४५. त्याचा लॉग २.१६१४, उंचीचा लॉग २.१९८७. कंसातलं उत्तर १.०२५१ येतं आणि शेवटी ३२.९ टक्के.

नवऱ्याचे: उंची १७०, मान ३८, कंबर ८८. फरक ५०, त्याचा लॉग १.६९९०. शेवटचं उत्तर २०.१ टक्के.

तुमचे आकडे घालण्याआधी हे दोन्ही नमुने स्वतः करून बघा. उत्तर जुळलं म्हणजे बटणं बरोबर दाबली जातायत. जुळत नसेल तर बहुधा ‘लॉग’ऐवजी शेजारचं ‘एलएन’ दाबलं गेलं असणार. तो वेगळा लॉग आहे आणि त्याने भलतंच उत्तर येतं. दुसरी चूक इंचांची. इंचांसाठीचं सूत्र वेगळं असतं. एकाचे आकडे दुसऱ्यात घालू नका.

चुकीचा परिणाम किती होतो तेही बघा. नवऱ्याची कंबर ८८ ऐवजी ८९ लिहिली तर चरबी २०.१ वरून २०.८ होते. कंबर ९० आणि मान ३७ लिहिली तर २२.२. शरीरात काहीही बदललेलं नाही, टेप जरा तिरकी गेली एवढंच, आणि दोन टक्के वाढले. म्हणून मी चौथ्या पायरीवर इतका वेळ घालवला.

गणिताचा कंटाळा असेल तर आणखी सोपं सूत्र आहे. वूलकॉट आणि बर्गमन यांनी ते २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. पुरुषांसाठी ६४ − (२० × उंची ÷ कंबर), स्त्रियांसाठी ७६ − (२० × उंची ÷ कंबर). यात कंबर मोजायची ती बाजूच्या कटीच्या हाडाच्या वरच्या कडेला. लॉग नाही, मान नाही, नितंब नाही. माझ्याच ८० च्या मापाने गणित केलं तर हे सूत्र ३६.५ टक्के सांगतं. आधीच्याने ३२.९ सांगितले होते.

मी घाबरले ती इथे. तुम्ही घाबरू नका. दोन सूत्रं वेगवेगळ्या माणसांवर बसवलेली आहेत, त्यांची उत्तरं जुळलीच पाहिजेत असं नाही. एक निवडा आणि त्याच्याशीच राहा. या महिन्यात एका सूत्राने आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याने मोजून ‘चार टक्के कमी झाली’ असं मानणं ही सगळ्यात मोठी फसवणूक आहे.

६. कॅलिपर घ्यायचा असेल तर

कॅलिपर म्हणजे त्वचेची आणि तिच्याखालच्या चरबीची घडी चिमटीत धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजणारा चिमटा. चांगल्या कॅलिपरचा दाब दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका ठरलेला असतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या कॅलिपरमध्ये दाब आपल्या अंगठ्यावर अवलंबून असतो. स्वस्तातला घ्यायचा असेल तर ठरावीक दाबाला ‘टक्’ आवाज करून थांबणारा घ्या. त्याने बराच फरक पडतो.

जॅक्सन आणि पोलॉक यांची तीन जागांची पद्धत घरी जमते. पुरुषांसाठीचं सूत्र १९७८ चं, स्त्रियांसाठीचं १९८० चं.

पुरुषांच्या जागा: छाती (काखेची पुढची कड आणि स्तनाग्र यांच्या मध्यावर, तिरपी घडी), पोट (बेंबीच्या उजवीकडे दोन सेंटिमीटर, उभी घडी) आणि मांडी (जांघ आणि गुडघ्याची वाटी यांच्या मध्यावर, पुढून, उभी घडी).

स्त्रियांच्या जागा: दंडाची मागची बाजू (खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मध्यावर, उभी घडी), कटीच्या हाडाच्या लगेच वर (पोटाच्या बाजूला, तिरपी घडी) आणि मांडी, वरच्यासारखीच.

सगळं उजव्या बाजूला. अंगठा आणि तर्जनीने घडी उचला, स्नायू हातात येत नाही ना ते बघा, बोटांपासून एक सेंटिमीटरवर कॅलिपर लावा आणि साधारण दोन सेकंदांनी आकडा वाचा. वाचेपर्यंत घडी बोटांतून सोडायची नाही. व्यायामानंतर किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर त्वचा फुगलेली असते, तेव्हा मोजू नका. पहिल्यांदा मोजताना जागेवर पेनाने ठिपका द्या.

तिन्ही घड्यांची बेरीज ‘ब’ मानली तर:

पुरुष: घनता = १.१०९३८ − ०.०००८२६७ × ब + ०.०००००१६ × ब × ब − ०.०००२५७४ × वय

स्त्रिया: घनता = १.०९९४९२१ − ०.०००९९२९ × ब + ०.०००००२३ × ब × ब − ०.०००१३९२ × वय

आणि मग तेच, ४९५ ÷ घनता − ४५०.

माझ्या घड्या होत्या दंडावर २२, कटीवर २० आणि मांडीवर ३०. बेरीज ७२, वय ४४, उत्तर २८.८ टक्के. म्हणजे ज्या आठवड्यात टेप ३२.९ म्हणत होती त्याच आठवड्यात कॅलिपर २८.८ म्हणाला. कॅलिपरला त्वचेखालची चरबी कळते, पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली कळत नाही. माझ्यासारखी ज्यांची चरबी आतल्या बाजूला जास्त असते, त्यांना तो कमी आकडा सांगेल, हे लक्षात ठेवा.

दंडाच्या मागची घडी स्वतःची स्वतःला नीट घेताच येत नाही. आणि मापं घेणारा बदलला की आकडे बदलतात. नवऱ्याने घेतलेलं माप आणि माझ्या बहिणीने घेतलेलं माप यांत मांडीवर पाच मिलिमीटरचा फरक आला. दोघांनीही मन लावून घेतलं होतं. हात वेगळा, एवढंच. म्हणून म्हटलं, पक्का जोडीदार असेल तरच.

हात बसायला वेळ लागतो. पहिल्या आठ-दहा वेळची मापं सराव म्हणून सोडून द्या. टक्केवारी काढायचीही सक्ती नाही. नुसती बेरीज लिहीत गेलात तरी चालतं. ७२ ची ६३ झाली तर त्वचेखालची चरबी कमी झाली, हे कळायला सूत्र लागत नाही.

७. चरबी दाखवणारा वजनकाटा

मी सुरुवात इथून केली होती आणि पहिल्या आठवड्यातच २९ पासून ३४ टक्क्यांपर्यंत सगळे आकडे पाहिले. काटा बिघडला असं वाटून बदलूनही घेतला. नव्यानेही तेच दाखवलं. मग तो काम कसा करतो ते वाचलं.

काट्यावरच्या धातूच्या पट्ट्यांतून अगदी सौम्य वीज एका पायातून शिरते आणि दुसऱ्या पायातून बाहेर पडते. पाणी असलेल्या भागांतून वीज सहज जाते, चरबीतून अडखळत जाते. काटा तो अडथळा मोजतो, त्यावरून शरीरात पाणी किती ते ठरवतो आणि चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून चरबी काढतो. म्हणजे काटा मुळात पाणी मोजतो. तुम्ही पाणी कमी प्यालात, घाम गेला, पाळी जवळ आली, पाय सुजले, की चरबीचा आकडा हलणार. शिवाय वीज मुख्यतः पायांतून फिरते. पोटाबद्दल काटा जे सांगतो तो बराचसा अंदाजच.

एक प्रयोग जरूर करा. काट्याच्या ॲपमध्ये वय वीस वर्षांनी कमी करा आणि लगेच पुन्हा उभं राहा. माझ्याकडे चरबी दोन टक्क्यांहून जास्त ‘उतरली’. काटा किती मोजतो आणि किती तुम्ही भरलेल्या माहितीवरून ठरवतो, हे यातून दिसतं. ‘खेळाडू’ असा पर्याय असेल तर तो उगाच निवडू नका. तो निवडला की आकडा खाली येतो आणि मन सुखावतं, पण शरीर तेच असतं.

काटा वापरायचाच असेल तर कडक फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. अनवाणी, कोरड्या पायांनी उभं राहा. टाचा फार कोरड्या, भेगाळलेल्या असतील तर वीज नीट जात नाही. वेळ सकाळचीच, शौचाला जाऊन आल्यावर. आणि रोजचा आकडा न बघता सात दिवसांची सरासरी काढा. आठवड्याच्या सरासरीला थोडा अर्थ आहे, एकट्या सकाळच्या आकड्याला नाही.

ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा तसं विजेवर चालणारं उपकरण बसवलेलं आहे, त्यांनी असा काटा वापरू नये. गरोदरपणातही नको.

फोटोवरून चरबी सांगणाऱ्या ॲपचाही मोह होतो. उजेड, कॅमेऱ्याचा कोन आणि कपडे बदलले की उत्तर बदलतं. मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

८. आलेला आकडा वाचायचा कसा

अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचा तक्ता बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात सर्वसाधारण पुरुषांसाठी १८ ते २४ आणि स्त्रियांसाठी २५ ते ३१ टक्के हा चालण्याजोगा पट्टा आहे. त्यावर गेलं की लठ्ठपणा. तगण्यासाठी किमान लागणारी चरबी पुरुषांत २ ते ५, स्त्रियांत १० ते १३ टक्के. स्त्रीच्या शरीराला जास्त चरबी लागते, तो दोष नाही. नवऱ्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून पाहू नका.

तक्त्यात वय धरलेलं नाही. आणि आपल्या पद्धतीत तीन-चार टक्क्यांची चूक असू शकते, तेव्हा ३१ आणि ३२ यांच्या मधल्या रेषेवर झोप घालवण्यात अर्थ नाही. टक्केवारीबरोबर कंबर आणि उंचीचं प्रमाणही बघा. टक्केवारी बरी आणि कंबर निम्म्याहून जास्त असेल, तर मी कमरेवर विश्वास ठेवीन.

काही जणांनी हे सगळं बाजूलाच ठेवावं: गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं, ज्यांच्या अंगावर सूज आहे किंवा पोटात पाणी होतं ते, डायलिसिसवर असलेले. ही सूत्रं त्यांच्यासाठी बनलेलीच नाहीत. आणि ज्यांना खाण्याबद्दल, वजनाबद्दल सतत भीती वाटते, जेवण टाळलं जातं, त्यांनी कृपा करून टेप हातात घेऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला.

९. नोंद ठेवणं आणि पुन्हा मोजणं

पहिले दोन आठवडे रोज मोजा, पण फक्त स्वतःची चढ-उतार किती आहे ते कळण्यासाठी. माझी कंबर त्या चौदा दिवसांत ७९.२ ते ८१.४ या दरम्यान हलली. म्हणजे माझ्यासाठी दोन सेंटिमीटरच्या आतला फरक एका दिवसाच्या मापावरून खरा मानायचा नाही, हे मला तेव्हाच कळलं. त्यानंतर रोज मोजणं बंद करा. दर चार आठवड्यांनी तीन दिवस लागोपाठ मोजा आणि त्यांची सरासरी लिहा. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी चक्रातले तेच दिवस धरावेत.

वहीत रकाने एवढेच: तारीख, वजन, मान, कंबर, नितंब, टक्केवारी आणि शेवटी शेरा. शेऱ्यात झोप नीट झाली नव्हती, पोट बिघडलं होतं, प्रवास झाला होता, असं काही असेल तर. चार महिन्यांनी एखादा आकडा विचित्र दिसतो तेव्हा तो शेराच कामी येतो.

टक्केवारीवरून किलो काढायची सवयही लावा. वजन गुणिले टक्के, भागिले शंभर. माझे ६२ किलो आणि ३२.९ टक्के, म्हणजे चरबी २०.४ किलो आणि बाकी शरीर ४१.६ किलो. सोळा आठवड्यांनी वजन ६१, मान ३३, कंबर ७७, नितंब ९७. सूत्राने ३०.९ टक्के, म्हणजे चरबी १८.८ किलो आणि बाकी ४२.२. काट्यावर एकच किलो उतरला होता. वहीत मात्र कंबर तीन सेंटिमीटरने कमी होऊन उंचीच्या निम्म्याखाली गेलेली दिसत होती, आणि पुढच्या तपासणीला जाताना मी रिपोर्टच्या फायलीत ते पान घालून नेलं.